गोळी किती, हे जनुकं ठरवतात का?

समजा, बडोद्यात सुभानपुऱ्यातल्या एकाच सोसायटीतल्या दोन तरुणांवर अफूवर्गीय व्यसनाचे उपचार चालू आहेत. एकाला दिवसाला ४ मिलिग्रॅम ब्यूप्रेनॉर्फिन पुरतं, दुसऱ्याला १२ लागतं. शेजारीपाजारी लगेच ठरवून टाकतात: दुसऱ्याचं व्यसनच जबर, किंवा त्याचं मन कच्चं. हा गैरसमज फार महागात पडतो. तो ऐकून घरचेच डोस कमी करण्याचा तगादा लावतात, आणि सावरत आलेला मुलगा पुन्हा घसरतो.

वस्तुस्थिती अशी, की व्यसन किती जुनं आणि कशाचं हे डोस ठरवताना पाहतातच. पण औषध शरीरात किती टिकतं, हेही माणसागणिक बदलतं. ब्यूप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवून विरघळू देतात. ती गिळली, तर आतडं आणि यकृत मिळून तिचा बराचसा भाग वायाच घालवतात. म्हणून गोळी विरघळेपर्यंत बोलायचं नाही, पाणी प्यायचं नाही. डोस ‘लागत नाही’ म्हणणाऱ्याच्या बाबतीत आधी हे तपासावं.

आता जनुकांचा भाग. ब्यूप्रेनॉर्फिन मोडण्याचं काम मुख्यतः यकृतातलं सीवायपी ३ए४ हे एन्झाइम करतं, तर याच उपचारात वापरल्या जाणाऱ्या मेथाडोनचं सीवायपी २बी६. या दुसऱ्या एन्झाइमच्या जनुकाचा एक प्रकार असा आहे, की तो असलेल्यांच्या शरीरात मेथाडोन हळू मोडतं आणि रक्तात साठत जातं. भारतीयांत हा प्रकार दुर्मीळ नाही. मेथाडोनची रक्तातली पातळी निम्म्यावर यायला कुणाला ८ तास लागतात, तर कुणाला ५९. म्हणूनच डॉक्टर हा डोस सावकाश वाढवतात. त्यात चालढकल नसते. घाई केली तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो.

हे कळलं की लोक दुसरं टोक गाठतात: मग जनुकचाचणी करू, डोस कायमचा ठरून जाईल! व्यसनमुक्तीच्या या औषधांसाठी तेवढा पुरावा आज नाही. डोस ठरतो तो रुग्णाकडे बघून: तलफ, घाम, जांभया, पोटातला मुरडा, रात्रीची झोप, किंवा उलट दिवसभराची गुंगी. चाचणीवर हजारो रुपये घालवण्यापेक्षा ठरलेल्या तारखेला ओपीडीत जाणं माझ्या मते कितीतरी मोलाचं.

खोकल्याच्या काही औषधांत असलेल्या कोडीनची गोष्ट मात्र वेगळी. सीवायपी २डी६ हे एन्झाइम कोडीनचं मॉर्फिन करतं, आणि काहींच्यात ते जनुकांमुळेच अतिवेगाने चालतं; मग मॉर्फिन जास्त होऊन श्वास मंदावू शकतो. त्यामुळेच २०१७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १२ वर्षांखालील मुलांना कोडीन देऊ नये असं बजावलं. घरातलं खोकल्याचं जुनं औषध मुलाला पाजण्याआधी बाटलीवरचं नाव वाचा.

आणि ज्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं ते: सोबतची औषधं. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन ब्यूप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन मोडणारी एन्झाइम्स इतकी जोरात चालवतं, की कालपर्यंत पुरणारा डोस अपुरा पडू लागतो. फेफऱ्यावरच्या काही गोळ्याही तेच करतात. झोपेच्या गोळ्या आणि दारूचा धोका उलट दिशेचा, श्वासावरचा. चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना सांगा, आणि डोस स्वतःहून वाढवू किंवा तोडू नका. बडोद्यात सयाजी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, फोन मोफत.