यंत्रे थोडी, रोगी अनेक : जैवनीतिशास्त्रात काय शिकतात?

दोन्ही मूत्रपिंडे कायमची निकामी झाली की रक्तातील टाकाऊ पदार्थ शरीरातच साठू लागतात आणि उपचार न मिळाल्यास रोगी दगावतो. यंत्राच्या साहाय्याने रक्त शुद्ध करण्याची पद्धत, म्हणजेच डायालिसिस, १९६० च्या आधीही माहीत होती. परंतु दर खेपेला रोहिणी व नीला नव्याने छेदावी लागे आणि थोड्याच दिवसांत त्यासाठी जागाच उरत नसे. १९६० साली अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी रोहिणी आणि नीला यांना जोडणारी टेफ्लॉनची नळी रोग्याच्या हातावर कायमची बसवली. आता तोच मार्ग पुन:पुन्हा वापरता येऊ लागला. तांत्रिक अडचण दूर झाली.

पण लगेच दुसरीच अडचण उभी राहिली. १९६२ मध्ये तेथे डायालिसिस केंद्र सुरू झाले, तेव्हा यंत्रे थोडी होती आणि रोगी अनेक. मग वैद्यकीय चाळणीतून पार पडलेल्या रोग्यांपैकी कोणाला उपचार द्यायचे हे ठरवण्यासाठी सात जणांची समिती नेमली गेली. तिच्यात एक वकील, एक धर्मोपदेशक, एक बँक व्यावसायिक, एक गृहिणी, एक सरकारी अधिकारी, एक कामगार नेता आणि एक शल्यचिकित्सक होते. रोग्याचे वय, त्याच्यावर अवलंबून असणारी माणसे, उत्पन्न, शिक्षण, व्यवसाय अशा गोष्टींचा विचार करून ते निवड करीत. त्याच वर्षी ‘लाइफ’ साप्ताहिकात या समितीविषयी लेख आला आणि मोठा वाद झाला. माणसाच्या सामाजिक ‘किमती’वरून त्याच्या जगण्याचा निर्णय करावा काय, असा तो वाद होता.

रक्तातून किती वेळात किती यूरिया बाहेर पडेल, हे विज्ञान सांगू शकते. यंत्राला आधी कोणाला जोडावे, हे मात्र कोणत्याही मापकावर वाचता येत नाही. अशा प्रश्नांचा शिस्तीने विचार करणारी विद्याशाखा म्हणजे जैवनीतिशास्त्र. अनेक देशांतील विद्यापीठांत हा विषय पदव्युत्तर पातळीवर शिकवला जातो. डॉक्टर, परिचारिका, वकील, जीवशास्त्राचे तसेच तत्त्वज्ञानाचे पदवीधर एकाच वर्गात बसून तो शिकतात.

मत आणि कारण

‘नीती काय शिकायची? ती ज्याच्या त्याच्या मनात असते,’ असा आक्षेप साहजिकच कोणी घेईल. त्याचे उत्तर या अभ्यासाच्या पद्धतीतच आहे. येथे नुसत्या मताला गुण नसतात. मतामागचे कारण मांडावे लागते आणि ते कारण दुसऱ्या प्रसंगी लावले तर काय होते, हेही तपासावे लागते.

सिअ‍ॅटलचाच प्रश्न घेऊ. ‘प्रथम येईल त्यास प्रथम’ हा नियम निःपक्षपाती वाटतो. पण शहरात राहणारा, माहितगार आणि वाहन असलेला रोगीच आधी पोहोचतो. चिठ्ठ्या टाकल्या तर सर्वांना समान संधी मिळते, मात्र उपचाराचा फायदा कोणाला अधिक होईल याकडे दुर्लक्ष होते. ‘ज्याला अधिक फायदा होईल त्याला’ हा नियम शास्त्रीय वाटतो. पण गरीब रोगी अनेकदा उशिरा व अधिक खालावलेल्या अवस्थेत येतो, म्हणजे त्याची गरिबीच त्याच्याविरुद्ध मोजली जाते. निर्दोष नियम सापडत नाही. तरी कोणता दोष आपण पत्करत आहोत हे कळून निर्णय घेणे आणि न कळता घेणे, यांत फार अंतर आहे.

हा विचार करताना विद्यार्थ्यांना चार तत्त्वांची ओळख करून दिली जाते. बोशँप आणि चिल्ड्रेस या अभ्यासकांनी १९७९ साली आपल्या ग्रंथात ती मांडली. व्यक्तीच्या निर्णयस्वातंत्र्याचा आदर, अपाय न करणे, हित साधणे आणि न्याय ही ती चार तत्त्वे होत. ती एकमेकांशी झगडू लागतात, तेव्हा खरा अभ्यास सुरू होतो. त्याच्या जोडीला कायदा, संशोधनपद्धती, सार्वजनिक आरोग्य आणि समाजशास्त्रही शिकावे लागते.

इतिहासातील धडे

या विषयाचा इतिहास सुखद नाही. नाझी डॉक्टरांनी कैद्यांवर केलेल्या प्रयोगांच्या खटल्यानंतर १९४७ साली न्यूरेंबर्ग संहिता आली. प्रयोगासाठी माणसाची स्वेच्छेने दिलेली संमती अत्यावश्यक आहे, हे तिचे पहिलेच कलम. तरीही अमेरिकेत अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे १९३२ पासून सुरू असलेला प्रयोग थांबला नाही. उपदंश झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांचे तेथे केवळ निरीक्षण केले जात होते. त्यांना त्यांचा खरा रोग सांगितला नाही. पेनिसिलिन हे गुणकारी औषध उपलब्ध झाल्यावरही ते दिले नाही. १९७२ मध्ये वृत्तपत्रांतून हे उघड झाल्यावर प्रयोग बंद पडला. नियम कागदावर असणे पुरेसे नसते, तो पाळला जातो की नाही हे पाहणारी माणसे तयार करावी लागतात, हा त्याचा धडा.

आपल्याकडे

गर्भजलपरीक्षा ही गर्भातील दोष शोधण्यासाठी निघालेली तपासणी. तिचा वापर मुलींचे गर्भ पाडण्यासाठी होऊ लागला, तेव्हा स्त्री-संघटना, आरोग्य कार्यकर्ते आणि काही डॉक्टरांनी आवाज उठवला. त्यातून १९८८ साली महाराष्ट्राने देशातील पहिला प्रतिबंधक कायदा केला आणि १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. येथे ‘जोडप्याचा खासगी निर्णय’ आणि ‘समाजातील न्याय’ ही दोन तत्त्वे समोरासमोर उभी होती. १९९३ साली मुंबईतून वैद्यकीय नीतीला वाहिलेले नियतकालिकही निघाले.

माणसांवर नव्या औषधाची चाचणी घ्यायची असेल तर नीतिसमितीची मान्यता लागते. २०१९ च्या नियमांनुसार या समितीत किमान सात सदस्य असतात. त्यांत एक कायदेतज्ज्ञ, एक सामान्य नागरिक आणि किमान एक स्त्री असावी लागते. अशा समित्यांवर जाणत्या माणसांची गरज आहे, आणि पदव्युत्तर अभ्यासाचा एक प्रत्यक्ष उपयोग तेथेच होतो.

वर्गात काय करता येईल?

नववी-दहावीत उत्सर्जन संस्था शिकवताना डायालिसिसचा उल्लेख येतोच. त्या तासाला दहा मिनिटे राखून हा प्रश्न फळ्यावर लिहावा : यंत्र एक, रोगी पाच, निवड कशी कराल? मुलांचे गट पाडावेत. प्रत्येक गटाने नाव न सांगता नियम सांगावा, आणि दुसऱ्या गटाने त्या नियमाने कोणावर अन्याय होईल ते शोधावे. उत्तर शिक्षकांनी देऊ नये. शेवटी मात्र एक प्रश्न जरूर विचारावा : त्या पाचांत आपण स्वतः आहोत, पण कितवे हे ठाऊक नाही, असे असते तर हाच नियम ठेवला असता का?