'कंट' : एका शब्दाची वजाबाकी

युरोपात दरवर्षी मे महिन्यात गाण्यांची एक मोठी स्पर्धा भरते. युरोव्हिजन हे तिचे नाव. १९५६ सालापासून चालत आलेली. एकेका देशाने एकेक गाणे पाठवायचे आणि मग गुणांची मोजदाद रात्री उशिरापर्यंत चालायची. आम्हां शाळामास्तरांना या झगमगाटाशी काय कर्तव्य, असे वाचक विचारतील. झगमगाटाशी काहीच नाही. परंतु २०२५ साली तेथे एका मुलीला तिच्या गाण्यातून तिच्याच मातृभाषेतला शब्द काढावा लागला, आणि सीमाभागातल्या माणसाचे कान अशा बातमीला आपोआप टवकारतात.

ही मुलगी मिरियाना कोन्ते, माल्टाची. माल्टा म्हणजे सिसिलीच्या दक्षिणेला भूमध्य समुद्रातली चिमूटभर बेटे. क्षेत्रफळ ३१६ चौरस किलोमीटर, लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी वर. आपल्या बेळगाव शहराचीही २०११ च्या जनगणनेतील वस्ती पाच लाखांच्या आसपासच होती. एका शहराएवढा देश, पण भाषा स्वतःची आणि तीही मोठी गमतीची. माल्टी भाषेचा सांगाडा अरबी कुळातला, अंगावरचे मांस निम्मेशिम्मे इटालियन-सिसिलियन आणि लिपी रोमन. लोक कट्टर कॅथलिक, तरी देवाला 'अल्ला' म्हणतात आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाला 'रन्दान', म्हणजे आपल्या ओळखीचा रमजानच! भाषा माणसाच्या धर्माला विचारून शब्द घेत नाही, हे आम्ही वर्गात नेहमी सांगतो. त्याला याहून बरा दाखला मिळणे कठीण.

या भाषेने सोसलेही पुष्कळ. शिकलेले लोक इटालियनमध्ये लिहीत, राज्यकर्ते इंग्रज, आणि माल्टी ही स्वयंपाकघरात व बंदरावर बोलायची बोली. त्यांचा राष्ट्रकवी दुन कार्म हाही आधी इटालियनमध्येच कविता लिहीत असे. माल्टीकडे तो वळला १९१२ मध्ये, चाळिशी उलटल्यावर. १९३४ साली माल्टीला राजभाषेचा दर्जा मिळाला, १९६४ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि २००४ मध्ये ती युरोपीय संघाच्या अधिकृत भाषांत जाऊन बसली. कागदोपत्री सारे मिळाले म्हणावयाचे.

आता गाण्याकडे वळू. १९७१ आणि १९७२ या दोन वर्षी माल्टाने युरोव्हिजनला माल्टी भाषेत गाणे पाठवले. तेव्हा नियमच होता की प्रत्येकाने आपल्या देशाच्या भाषेत गावे. दोन्ही वेळा माल्टा तळाला, शेवटच्या क्रमांकावर. १९७५ मध्ये नियम सैल होता, तेव्हा इंग्रजी गाणे गेले. पुढे बरीच वर्षे खंड पडला आणि १९९१ मध्ये माल्टा परतले तेव्हा स्वभाषेचा नियम पुन्हा लागू होता. पण इंग्रजी हीही त्या देशाची राजभाषाच; त्यामुळे इंग्रजीत गायला मोकळीक! मग यशही आले. १९९२ मध्ये मेरी स्पितेरी तिसरी, १९९८ मध्ये कियारा तिसरी, २००२ मध्ये आयरा लॉस्को दुसरी, २००५ मध्ये पुन्हा कियारा दुसरी. सगळी गाणी इंग्रजी. २००० साली क्लॉडेट पाचेच्या गाण्यात माल्टीचा एक तुकडा होता, तेवढाच. इंग्रजीत गायले की वरचा नंबर, घरच्या भाषेत गायले की तळ, हा धडा त्या बेटावर कोणी फळ्यावर लिहून दिला नसेल. पण तो शिकला गेला. आमच्या गावातल्या पालकांनीही असाच एक धडा शाळाप्रवेशाच्या वेळी गिरवलेला आम्ही पाहतो.

मिरियानाने हीच स्पर्धा देशपातळीवर आधीही लढवली होती, यश आले नव्हते. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिने ती जिंकली. गाण्याचे नाव होते 'कंट'. माल्टीत 'कंट' म्हणजे गाणे, गायन. आपल्या 'कंठा'शी त्याचे नाते लावावेसे वाटते, पण ते खरे नव्हे. तो इटालियन 'कान्तो'चा भाऊ. बाकी सारे गाणे इंग्रजी, त्यात हा एकच शब्द माल्टी. आणि नेमका तोच इंग्रजी कानाला एका घाणेरड्या शिवीसारखा ऐकू येतो!

येथे आम्ही वकिली करणार नाही. हा श्लेष भोळेपणाने झालेला नव्हता. अमेरिकेतील समलिंगी कृष्णवर्णी कलावंतांच्या नाचमैफलींत ती शिवी उलटी फिरवून 'दिमाखात मिरवणे' अशा कौतुकाच्या अर्थाने वापरतात. गाणाऱ्या मुलीला आणि तिच्या मंडळींना ते ठाऊक होते, गंमत त्यातच होती. मार्चमध्ये आयोजक संघाने हा शब्द चालणार नाही म्हणून कळवले. गाण्याचे नाव 'सर्व्हिंग' झाले, आणि जेथे 'कंट' होते तेथे नुसता एक हुंकार राहिला. मुलांच्याही डोळ्यांपुढे जाणाऱ्या कार्यक्रमात शिवी नको, हे म्हणणे आम्हांला पटते. पण हिशेब मात्र विचित्र झाला. इंग्रजी शब्द एकही गेला नाही. पंचवीस वर्षांनी माल्टीचा एक शब्द त्या मंचाच्या दारापर्यंत आला होता, तोच गेला.

एका भाषेतला शब्द दुसऱ्या भाषेत काय होऊन बसतो, हे आपल्याला नवे नाही. कानडीत 'हालु' म्हणजे दूध आणि आपले 'हाल' म्हणजे कुत्रा खाणार नाही असले. गवळी दारात 'हालु' म्हणून ओरडला तर त्याची विचारपूस करायला कोणी धावत नाही, आणि त्याने तो शब्द बदलावा असेही कोणाच्या मनात येत नाही. शेजाराने राहायचे तर कानाला एवढे शिकवावेच लागते.

हे लिहिताना एक गोष्ट मात्र सलते, ती सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी एका एकांकिका स्पर्धेसाठी आम्ही आठवीच्या मुली तयार केल्या होत्या. त्यांतली एक खेड्यातली, मोठी तरतरीत. आईच्या भूमिकेत ती सहज म्हणाली, "काय करूलालीस गं?" तालमीत सगळ्या खळखळून हसल्या, कारण प्रत्येकीच्या घरात आई असेच बोलते. परीक्षक घाटाखालून नव्हे, थेट पुण्याहून येणार होते. आम्ही ते वाक्य खोडून "काय करते आहेस?" असे लिहून दिले. स्पर्धेच्या दिवशी त्या जागी ती क्षणभर अडखळली, मग आमचे वाक्य म्हणाली. कोणी हसले नाही. आम्हांला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. प्रमाणपत्र अजून शिक्षकखोलीत टांगलेले आहे. आमच्यावर कोणत्या संघाने हुकूम काढला नव्हता. लाल पेन आमच्याच हातात होते.

बासेलला १७ मे २०२५ रोजी अंतिम फेरी झाली. मिरियाना सतरावी आली. स्पर्धा ऑस्ट्रियाने जिंकली.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर नववीच्या वर्गात आम्ही माल्टी भाषेची ही हकीकत सांगितली. शिवीचा भाग अर्थातच गाळला. मागच्या बाकावरून एकाने विचारले, "सर, मग त्यो शब्द त्यांनी घरात म्हणायचा न्हाई व्हय?" आम्ही म्हटले, घरात म्हणतात की, तेथे गाण्याला दुसरे काय म्हणणार? पोरगा 'व्हय' म्हणाला होता आणि आम्ही तो दुरुस्त केला नाही.