मुंबईवर विमान घिरट्या का घालतं? समजून घ्या ‘होल्डिंग’चा ४ मिनिटांचा हिशोब

अलिबागजवळच्या नागावच्या किनाऱ्यावर बसून फोनवर विमानांचा माग दाखवणारं अ‍ॅप उघडा. मुंबई विमानतळ इथून सरळ रेषेत साधारण ५० किलोमीटर. तिथे गर्दी असेल किंवा हवामान खराब असेल, तर एखादं विमान पुढे जायचं सोडून लांबट गोल काढताना दिसतं. आत बसलेल्यांना वाटतं, काही बिघाड तर नाही ना?

बहुतेक वेळा बिघाड नसतो. विमान रांगेत असतं. हवेत एका जागी उभं राहता येत नाही, म्हणून ते फिरत राहतं. यालाच ‘होल्डिंग’ म्हणतात.

हा गोल कसा असतो?

दोन सरळ बाजू आणि दोन अर्धवर्तुळं. नकाशावर एक बिंदू ठरलेला असतो, त्याला ‘फिक्स’ म्हणतात. विमान फिक्सवर येतं, वळतं, लांब जातं, पुन्हा वळतं आणि फिक्सवर परततं. वेगळी सूचना नसेल तर वळणं उजवीकडेच. एकाच फिक्सवर अनेक विमानं असतील तर ती १,००० फुटांच्या अंतराने एकावर एक फिरतात.

४ मिनिटं कुठून आली?

शिकाऊ विमान सेकंदाला ३ अंश वळतं. म्हणजे १८० अंशांचं अर्धवर्तुळ ६० सेकंदांत पूर्ण. १४,००० फुटांपर्यंत सरळ बाजू १ मिनिटाची, त्याहून वर दीड मिनिटाची. दोन वळणं आणि दोन बाजू मिळून झाली ४ मिनिटं. पण वारा नसेल तरच!

वारा आला की गणित बिघडतं

समजा विमानाचा वेग ताशी १८० किलोमीटर आहे आणि ताशी ३० किलोमीटरचा वारा त्याला फिक्सपासून लांब ढकलतोय. जाताना वेग होतो २१०, परतताना १५०. पहिल्या वळणात वारा विमानाला अर्धा किलोमीटर लांब नेतो. मग १ मिनिट सरळ गेलं की साडेतीन किलोमीटर. दुसऱ्या वळणात आणखी अर्धा. एकूण साडेचार. हे अंतर परत कापायला लागतात १०८ सेकंद.

परतीची बाजू १ मिनिटातच बसवायची असेल, तर जाताना फक्त २६ सेकंद सरळ जायचं. वारा उलटा असेल, तर ही वेळ वाढवावी लागते.

परीक्षेत काय बघतात?

महाराष्ट्रात गोंदिया, बारामती, धुळे इथे वैमानिक घडतात. ‘इन्स्ट्रुमेंट रेटिंग’च्या तयारीत बाहेरचं दिसू नये म्हणून विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे आडोसा असतो. फक्त काटे बघून उंची, वेग, दिशा राखायची, घड्याळ लावायचं आणि पहिल्या फेरीत चुकलेले सेकंद पुढच्या फेरीत दुरुस्त करायचे. परीक्षक नेमकं हेच तपासतो.

प्रवासी विमानात हे गणित कॉम्प्युटर करतो. मग शिकायचं कशाला? कारण होल्डिंगमधून कधी निघायचं, याची अपेक्षित वेळ कंट्रोलर आधीच सांगून ठेवतो. रेडिओ बंद पडला तर वैमानिकाकडे तीच वेळ उरते. फेऱ्यांचा हिशोब चुकला, तर ती गाठता येत नाही.

याची किंमत किती?

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितलं होतं की मुंबईवर विमानांना ४० ते ६० मिनिटं घिरट्या घालाव्या लागत होत्या. ४० मिनिटांत सुमारे १,७०० लिटर इंधन जळतं, तेव्हाची किंमत अंदाजे १.८ लाख रुपये. तासाभरात २,५०० लिटर, म्हणजे २.६ लाख. मुंबईतली गर्दीच्या वेळची उड्डाणं-लँडिंग तासाला ४६ वरून ४४ वर आणली गेली.

पण एवढं फिरून इंधन संपलं तर? त्याचाही हिशोब आधीच केलेला असतो. जेट विमानात उतरताना किमान ३० मिनिटं उडता येईल इतकं इंधन शिल्लक असावंच लागतं. त्याला हात लागायची वेळ येण्याआधीच वैमानिक दुसऱ्या विमानतळाकडे वळतो. म्हणून पुढच्या वेळी खिडकीतून तोच किनारा दुसऱ्यांदा दिसला, तर घाबरू नका. तुमचा नंबर यायचाय, इतकंच.