जहाज कुणाची वाट बघत नाही

आजच्या गप्पा जरा लांबच्या आहेत. युरोपच्या दक्षिणेला आणि आफ्रिकेच्या उत्तरेला जो समुद्र पसरलाय, त्याला भूमध्य समुद्र म्हणतात. त्याच्या काठावरच्या बंदरांत मोठी प्रवासी जहाजं रोज एका गावाला लागतात. सकाळी माणसं उतरतात, संध्याकाळी परत चढतात. आमच्या गटातल्या एका ताईंचा मुलगा अशाच जहाजावर स्वयंपाकघरात कामाला आहे. आपल्या कोकणातली आणि गोव्यातली कितीतरी मुलं या कामावर आहेत. घरच्या माणसांना मिळणाऱ्या सवलतीत ताई निघाल्या आणि सोबत आम्ही दोघी. इंग्रजी तिघींचं मिळून एकीपुरतं! तरी चार बंदरं आम्ही पायी पाहिली. ते कसं जमतं आणि कुठे फसगत होते, ते आज सांगतो.

आधी हे समजून घेऊ, की जहाज बंदराला लागलं म्हणजे गाव समोर आलं असं नसतं. जहाजावरच्या पत्रकात ‘रोम’ लिहिलेलं असतं, पण जहाज लागतं चिविताव्हेक्या नावाच्या बंदरात. तिथून रोम सत्तरएक किलोमीटर. फ्लोरेन्ससाठी जहाज लिव्होर्नोला लागतं, तिथूनही शहर ऐंशी किलोमीटरच्या पुढेच. अशा ठिकाणी आगगाडी किंवा बस धरावीच लागते. उलट काही गावं धक्क्यावर पाऊल ठेवलं की सुरूच होतात. म्हणून निघायच्या आधी नकाशात दोन गोष्टी बघायच्या: जहाज नेमकं कुठे लागतं आणि तिथून जुनं गाव किती लांब आहे.

नेपल्स हे पायी फिरायला सोयीचं. धक्क्यातून बाहेर पडलं की समोरच तेराव्या शतकातला किल्ला दिसतो. तिथून वीसएक मिनिटं चाललं की जुनी वस्ती लागते. एक अरुंद, सरळ रस्ता त्या वस्तीला मधोमध चिरत जातो. वर या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत दोरीवर कपडे वाळत असतात आणि खाली स्कूटरवाले अंगावर येतात. शाकाहारी बाईची तिथे उपासमार होत नाही. टोमॅटो, लसूण आणि तेल एवढ्यावरच केलेला, चीज नसलेला पिझ्झा मिळतो, त्याला मारिनारा म्हणतात. जवळच पॉम्पेई आहे. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं हे शहर. लोकल गाडीने जाता येतं, पण एका दिवसात नेपल्सही आणि पॉम्पेईही करायला गेलं तर दोन्हीकडे नुसती धावपळ होते. आम्ही एकच निवडलं, नेपल्स.

माल्टा बेटावरचं व्हॅलेटा हे तर अगदी लहान शहर. १५६५ साली तुर्की आरमाराने बेटाला वेढा घातला. तो उठल्यावर पुढच्याच वर्षी या शहराचा पाया घातला. शहर उंच कड्यावर आहे आणि जहाज खाली लागतं. वर जायला ५८ मीटर उंचीची लिफ्ट आहे. वरच्या बागेतून सगळं बंदर दिसतं, आणि दुपारी बाराला तिथली तोफ उडते. रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ, पण चढ-उताराचे आणि काही ठिकाणी तर नुसत्या पायऱ्यांचे. गंमत म्हणजे तिथली भाषा रोमन अक्षरांत लिहितात, पण तिचं मूळ अरबीत आहे. पुस्तकाला ‘क्तीब’ आणि जगाला ‘दिन्या’ म्हणतात. आपल्याकडे किताब आणि दुनिया हे शब्दही अरबीतूनच आले. एवढ्या लांब ओळखीचा शब्द कानावर पडला की परकेपणा थोडा कमी होतो.

पुढचं बंदर माँटेनेग्रो देशातलं कोटोर. जहाज एका लांब, वळणावळणाच्या आखातातून आत शिरतं. दोन्ही बाजूंना डोंगर, आपल्या खाडीसारखंच, पण डोंगर कितीतरी उंच. गावाची वेस धक्क्यासमोर रस्ता ओलांडला की येते. मागच्या डोंगरावर किल्ला आहे, साधारण १३५० पायऱ्या. उन्हाच्या आत, सकाळीच चढावा आणि पाणी सोबत ठेवावं. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खालीच गल्ल्यांतून हिंडावं. कोटोरच्या मांजरी प्रसिद्ध आहेत, त्याच सोबत करतात.

इथे व्हिसाची एक गोष्ट. इटली, माल्टा आणि क्रोएशिया शेंगेन नावाच्या एकाच व्हिसात येतात, माँटेनेग्रो त्यात येत नाही. म्हणजे कोटोरला गेलो की आपण त्या व्हिसाच्या बाहेर पडलो, आणि पुढच्या बंदरात परत आत शिरायचं. म्हणून व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा लागतो. अर्ज भरतानाच हे बघायचं.

आता आमची फजिती सांगतो. क्रोएशियातलं डुब्रोव्हनिक. जहाज ग्रूझ नावाच्या बंदरात लागलं, तिथून जुनं गाव तीन किलोमीटर. सकाळी बसने दहा-पंधरा मिनिटांत पोचलो. गावाभोवती जवळजवळ दोन किलोमीटरची तटबंदी आहे आणि वरून चालता येतं. तिकीट महाग आहे, पण एका बाजूला लाल कौलं आणि दुसऱ्या बाजूला निळा समुद्र बघून पैशाचं वाईट वाटलं नाही. फक्त तटावर एकाच दिशेने चालायचं असतं आणि खाली उतरायच्या जागा मोजक्याच. आम्ही रमतगमत चाललो. खाली उतरून वेशीपाशी आलो, तर बससाठी ही रांग! तीन-चार जहाजांची माणसं एकाच वेळी परतत होती. एक बस भरून गेली, दुसरीही गेली. टॅक्सी दिसेना. जहाज सुटायला सव्वा तास होता, आणि चढायची शेवटची वेळ त्याच्याही अर्धा तास आधीची.

आम्ही चालायला लागलो. रस्ता आधी चढाचा, मग उताराचा. एकीचा गुडघा धरला होता. दोघींनी तिच्या पिशव्या घेतल्या. धक्क्यावर पोचलो तेव्हा शेवटच्या वेळेला तीन मिनिटं उरली होती. रात्री ताईंनी मुलाला सांगितलं, तर तो हसला नाही. म्हणाला, “आई, जहाज कुणाची वाट बघत नाही. आमचीसुद्धा नाही. आमच्यातला कुणी मागे राहिला तर नोकरीवर बेततं.”

हे खरं आहे, मैत्रिणींनो. जहाजाकडून विकत घेतलेली सहल उशिरा परतली तर जहाज तिच्यासाठी थांबतं. आपलं आपण फिरणाऱ्यासाठी थांबत नाही. मागे राहिलो तर पुढच्या बंदरापर्यंत स्वतःच्या खर्चाने जायचं. त्या सहली माणशी ५० युरोंच्या वरही जातात, म्हणून पायी फिरण्यात बचत मोठी आहे. पण त्या बचतीबरोबर वेळेची जबाबदारी आपल्या डोक्यावर येते.

त्या दिवसापासून आम्ही वेळ उलटी मोजायला शिकलो. समजा जहाज पाचला सुटणार. चढायची शेवटची वेळ साडेचार. आपण धक्क्यावर साडेतीनला असायचं. जायला वीस मिनिटं लागली असतील तर यायला चाळीस धरायची. म्हणजे गावातून तीनच्या आधीच पाय काढायचा. आणि घड्याळ जहाजाच्या वेळेचंच मानायचं. इटलीपेक्षा ग्रीसची वेळ एक तास पुढे असते. मोबाइल आपोआप गावाची वेळ दाखवतो, जहाजाची वेळ वेगळी असू शकते. म्हणून उतरताना शिडीपाशी लिहिलेली वेळ वाचायची आणि हाताला साधं घड्याळ बांधायचं.

उतरताना सोबत काय असावं? जहाजाचं कार्ड, कारण ते दाखवल्याशिवाय परत चढता येत नाही. पासपोर्टची झेरॉक्स, थोडे सुटे युरो, पाण्याची बाटली. रोजच्या पत्रकावर बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो, तो कागदावर लिहून घ्यायचा. युरोपीय संघाच्या देशांत अडचणीच्या वेळी ११२ हा नंबर चालतो. गर्दीत पर्स पुढे धरायची, खिसेकापू तिथेही आहेत. चपलांचा तळ घसरणारा नको, कारण तिथल्या जुन्या रस्त्यांचे दगड झिजून गुळगुळीत झालेत. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. साडी किंवा पंजाबी ड्रेस असेल तर प्रश्नच नाही. डुब्रोव्हनिकच्या वेशीजवळ पंधराव्या शतकातलं कारंजं आहे. त्याचं पाणी आजही पितात, आम्हीही बाटल्या भरून घेतल्या.

शेवटी एक गोष्ट, जी पाहिल्यावर आम्ही गप्प झालो. त्या गावांत माणसं राहतात. कुणी खिडकीत कपडे वाळत घालतंय, कुणी म्हातारी भाजी घेऊन पायऱ्या चढतेय, आणि तिच्या दारासमोर हजारो माणसं फोटो काढत उभी. गर्दी फार झाली म्हणून डुब्रोव्हनिकने २०१९ पासून दिवसाला दोनच मोठी जहाजं घ्यायचा प्रयत्न सुरू केला, तरी आमच्या वाट्याला गर्दी आलीच. व्हेनिसमध्ये २०२१ पासून मोठी जहाजं शहराच्या मध्यातून न्यायला बंदी आहे. जहाजावर जेवून उतरलेला आणि जहाजावरच जेवायला परतणारा पाहुणा गावाला काय देतो? म्हणून आम्ही ठरवलं, की प्रत्येक बंदरात निदान एक वस्तू किंवा एक घास गावातल्या माणसाकडून घ्यायचा, कुणाच्या उंबऱ्यावर बसायचं नाही, आणि विचारल्याशिवाय बाईमाणसाचा फोटो काढायचा नाही.

आपल्या किनाऱ्यावर ज्या बहिणी न्याहरी-निवास चालवतात, त्यांना हे वेगळं सांगायला नको. पाहुणा कसा हवा हे त्यांना ठाऊक आहे. आपणही कुठे गेलो की तसाच पाहुणा व्हायचं.

आणि हो, ज्या ताईंचा गुडघा धरला होता, त्या परत निघायचं म्हणतायत. या वेळी घड्याळ त्यांच्याच हाताला असणार आहे.