अग्निवीराशी लग्न ठरलंय? चार वर्षं थांबणाऱ्या ‘तिच्या’ वाट्याला काय येतं?

सातारा, सांगली, कोल्हापूरकडे मुलगा लष्करात लागला की स्थळं यायला सुरुवात होते, ही जुनी रीत. १४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेने तिला ब्रेक लावला. अग्निवीर म्हणून फक्त अविवाहितांचीच भरती होते आणि चार वर्षांच्या सेवेत लग्न करता येत नाही. केलं तर नोकरी जाते. त्यामुळे साखरपुडा झालेला असो की घरी अजून न सांगितलेलं प्रेम, थांबणं आलंच.

भेट किती दिवस?

नियमित जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस नैमित्तिक रजा असते. अग्निवीराला ३० दिवस. म्हणजे चार वर्षांत १२०. यातच आई-वडील, शेतीची कामं, बहिणीचं लग्न आणि गावची जत्रा. उरलेल्या दुपारी तिच्या.

फोन का लागत नाही?

बहुतेक वेळा कारण साधं असतं. तो ड्युटीवर असतो किंवा चौकीवर रेंज नसते. सियाचीनसारख्या ठिकाणी वर्षानुवर्षं सॅटेलाइट फोनचाच आधार होता. २०१७च्या दिवाळीत जवानांसाठी त्याचा दर मिनिटाला ५ रुपयांवरून १ रुपया झाला. भूस्थिर उपग्रह ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतो. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो, उत्तर परत यायला आणखी पाव. म्हणून दोघं एकाच वेळी बोलतात आणि ‘हॅलो, हॅलो’मध्येच मिनिट संपतं. तो गप्प झाला म्हणजे रुसला असं नाही! आता सियाचीनमध्ये मोबाइल टॉवरही आले आहेत.

पत्त्यात गाव का नसतं?

तो कुठे आहे हे गुप्त राहावं म्हणून. पत्त्यात युनिटचं नाव, ९ने सुरू होणारा पिनकोड आणि ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ एवढंच असतं. ५६चं टपाल दिल्लीतून, ९९चं कोलकात्यातून लष्करी टपाल सेवेमार्फत पुढे जातं. एवढी काळजी घेतलेली असताना त्याने सांगितलेलं ठिकाण व्हॉट्सॲप स्टेटसला टाकणं म्हणजे सगळ्यावर पाणी.

खरी अडचण नोंदीची

तो जखमी झाला किंवा त्याहून वाईट काही घडलं, तर लष्कर कळवतं ते सेवा नोंदीतल्या निकटच्या नातेवाइकाला. अविवाहित जवानाच्या बाबतीत ते सहसा आई-वडील. साखरपुड्याला त्या नोंदीत जागा नाही. पत्नीला जे अधिकृतपणे कळतं, ते हिला त्याच्या घरच्यांकडून किंवा थेट टीव्हीवरून कळतं. घरी माहीत असेल तर त्याच्या भावाचा, बहिणीचा नंबर जवळ ठेवणं एवढंच हातात उरतं. माहीत नसेल तर तेही नाही. थांबण्यातला सगळ्यात जड भाग हाच.

पुढे काय?

योजनेनुसार चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीरांना नियमित सेवेत घेतलं जातं. बाकीचे सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवा निधी घेऊन घरी परततात. पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण २०२३च्या सुरुवातीला सुरू झालं, म्हणजे २०२६ संपता संपता तिची चार वर्षं भरतात. ‘मुलगा मिलिटरीत आहे’ म्हणून होकार दिलेल्या मुलीच्या वडिलांचा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो. तो प्रश्न तारीख धरण्याआधीच दोन्ही घरांत बोलून घेतलेला बरा.