पाल: केळीच्या बागांना पाणी देणारं रान

पावसाने हवा धुऊन काढली की तापीच्या दक्षिणेकडच्या दीपनगर वसाहतीतून उत्तरेला सातपुड्याची रांग स्पष्ट दिसते. गाडीने दोनेक तासांत तिच्या पोटात शिरता येतं. तरी सुट्टी मिळाली की आपली गाडी वळते ती अजिंठ्याकडे, नाहीतर शिर्डीकडे. एक रविवार याच रांगेतल्या पालला द्यावा, असा माझा आग्रह आहे. मात्र थंड हवेच्या ओढीने जाऊ नका. मे महिन्यात पालही तापतं. रावेर-यावलच्या केळीला पाणी कुठून येतं, ते बघायला जा.

पहाटे निघावं. तापी ओलांडली की फैजपूर येतं. डिसेंबर १९३६मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन इथलंच, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. पुढे खिरोद्यापर्यंत दोन्ही बाजूंना केळीच केळी. मग घाट लागतो आणि हिरवा रंग एकदम बदलतो. खाली बाराही महिने ओला, लावलेला हिरवा. वर साग, धावडा, साळई, मोह आणि अंजन.

यावल अभयारण्य १९६९ साली जाहीर झालं. क्षेत्र सुमारे १७७ चौरस किलोमीटर. पूर्वेला मेळघाट, पश्चिमेला अनेर आणि तोरणमाळ, यांच्या मधला हा दुवा आहे. अस्वल, बिबट्या, सांबर, भेकर इथे आहेत, पण एका दिवसाच्या पाहुण्याला ते दिसतीलच असं नाही. त्यापेक्षा झाडं पाहा. अंजनाचं लाकूड इतकं जड की पाण्यात टाकलं तर बुडतं, आणि त्याची मुळं खडकाच्या भेगांत शिरतात. माती जिथे बोटभरच, तिथेही अंजन उभा असतो.

सकाळच्या उन्हात निष्पर्ण फांद्यांच्या शेंड्यांकडे जरा जास्त वेळ बघा. सातपुड्यातला सगळ्यात नवलाचा पक्षी, रानपिंगळा, अशाच ठिकाणी ऊन खात बसतो. घुबडाच्या जातीचा असून तो दिवसा शिकार करतो. १८८४नंतर तो कोणालाच दिसला नव्हता. जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने खानदेशात त्याचे नमुने गोळा केले होते. पुढे रिचर्ड माइनर्ट्‌झहागन या पक्षिसंग्राहकाने त्यातला एक नमुना लंडनच्या संग्रहालयातून चोरला आणि ‘गुजरातेत मांडवीला, १९१४मध्ये मिळाला’ अशी खोटी चिठ्ठी त्याला लावली. त्यामुळे शोधणारे भलतीकडेच शोधत राहिले. पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघड केली, जुन्या नोंदी मानून खानदेश गाठला आणि नोव्हेंबर १९९७मध्ये, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात शहाद्याजवळ, त्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी! त्याला विरळ, सुकं सागवानी रान लागतं. आपण ज्याला ‘उजाड जंगल’ म्हणून नाक मुरडतो, नेमकं तेच.

दुपारी सुकी नदीवरचं गारबर्डीचं धरण बघावं. डबा तिथून जवळच सावलीत सोडावा. बामणोदच्या वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी असेल तर आणखी काही नको. चूल मात्र पेटवू नका, होळीच्या आसपास तर मुळीच नाही. सागाचा वाळला पाला ठिणगीची वाटच बघत असतो, आणि पत्रावळी-प्लास्टिक परत घरी नेण्याइतकी जागा गाडीत असतेच.

परततानाचा तास मला या सहलीत सगळ्यात मोलाचा वाटतो. घाट उतरून खाली आलात की एखाद्या नदीच्या पात्रात उभे राहा. पाऊस सरून महिने झाले असतील तर पात्र कोरडं असतं: गोटे, वाळू, पुन्हा गोटे. धरणात अडलेलं सोडून उरलेलं पाणी गेलं कुठे? ते खाली गेलं. तापीचं खोरं खचलेल्या जमिनीत आहे आणि सातपुडा त्याच्या काठावर भिंतीसारखा उभा आहे. डोंगरावरून धावत आलेल्या नद्यांनी हजारो वर्षं पायथ्याशी गोट्यांचा आणि रेतीचा जाड थर टाकला. भूवैज्ञानिक या पट्ट्याला बझाडा म्हणतात. डोंगरातलं पाणी इथे येऊन जमिनीत जिरतं आणि पुढे तापीच्या बाजूला, गाळाच्या जमिनीतल्या विहिरींना आणि बोअरना मिळतं. या भागात पाऊस वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पडतो. केळीला त्याच्या दुप्पट-तिप्पट लागतं. मधली तूट भूजलाने भरून निघते. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्या केळीचा भार या गोट्यांच्या पट्ट्यावर आहे.

पण उपसा भरणीच्या पुढे गेला. ठिबक आलं तरी रावेर आणि यावल या तालुक्यांचा समावेश अतिउपशाच्या यादीत झाला. वर डोंगरात गेल्या काही दशकांत सागतोड आणि अतिक्रमण दोन्ही झालं. दोष एकट्या आदिवासींच्या माथी मारणं सोपं आहे, आणि अन्यायाचंही. वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५पूर्वी जमीन कसणाऱ्यांना हक्क दिला. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहणाऱ्या तडवी, पावरा, बारेला कुटुंबांचे ते दावे वेळेत निकाली लागायलाच हवेत. नंतर तोडलेल्या रानाचा प्रश्न वेगळा, आणि तो तसाच वेगळा हाताळायला हवा. उतार उघडा पडला की पाणी मुरायला वेळ मिळत नाही. ते माती घेऊन धावतं, आणि तो बारीक गाळ गोट्यांच्या फटी बुजवतो.

मे २०२५मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी तापी मेगा रिचार्ज प्रकल्पाचा करार केला. तापीचं पाणी कालव्यांनी सातपुड्याच्या पायथ्याशी नेऊन याच गोट्यांच्या थरात मुरवायचं, अशी ती योजना. कल्पना चांगली आहे आणि ती व्हावी. पण कालव्याइतकाच पैसा आणि लक्ष पालच्या वरच्या उतारांवरही खर्च व्हायला हवं, कारण तिथलं रान हेच काम कालव्याशिवाय करतं. जायचं असेल तर ऑक्टोबरअखेर जा, तेव्हा नद्या वाहताना दिसतील. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर रानपिंगळ्याची आशा ठेवता येते. अभयारण्यात आत फिरण्यासाठी वनखात्याच्या नाक्यावर परवानगी घ्या, आणि जमलं तर एखादा गावचा वाटाड्या सोबत घ्या. कोणत्या ओढ्याला अजून पाणी आहे, हे त्यालाच ठाऊक असतं.