मालवण किनाऱ्यावरील गुरांची वैरण

आषाढ-श्रावणांत मालवणाहून कुडाळास जाणाऱ्या प्रवाशास सगळा मुलूख हिरवागार दिसतो. सड्यावर, बांधावर, माडांच्या बुंध्याशीं, जेथें पाहावें तेथें गवत. अशा प्रदेशांतील गाय पोसलेली व दुधाळ असेल, अशी कल्पना सहजच होते. पण चैत्र-वैशाखांत त्याच गांवांतील गुरांच्या बरगड्या मोजतां येतात. गाय वेळेवर माजावर येत नाहीं आणि व्याली तरी तिचें दूध वासराला जेमतेम पुरतें. मग दोष जातीला दिला जातो. वस्तुतः दोष जातीचा थोडा व वैरणीचा अधिक आहे, आणि वैरणींतही उणीव परिमाणाची नसून गुणाची आहे. येथील गाय पुष्कळदां पोट भरूनही उपाशी राहते. ही उपासमार कशी घडते, हें उमगलें म्हणजे तिचा उपाय बव्हंशीं घरांतच सांपडतो.

१ मे १९८१ रोजीं रत्नागिरीपासून वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांत वर्षाकाठीं सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यांतील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. एवढ्या पावसानें जांभ्या जमिनींतील चुना व इतर क्षार धुपून जातात; उरलेलें स्फुरदही पिकांना सहजासहजीं मिळत नाहीं. जें जमिनींत नाहीं तें गवतांत येत नाहीं, आणि जें गवतांत नाहीं तें गाईच्या हाडांत कोठून येणार? अशा परिस्थितींत पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिलेली लहान चणीची, काटक गाय आज ‘कोंकण कपिला’ या नांवानें स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली आहे. ती थोडक्यांत भागविते. परंतु थोडक्यांत भागविणें आणि निकस खाऊन पोसणें या दोन गोष्टी भिन्न आहेत.

गाय चारा खाते, पण तो पचविण्याचें काम मुख्यतः तिच्या पहिल्या कोठ्यांतील असंख्य सूक्ष्म जंतु करितात. या जंतूंना नत्र लागतें. कोरड्या चाऱ्याच्या शंभर भागांत निदान सात भाग प्रथिनें असलीं तरच त्यांचें काम नीट चालतें. भाताच्या पेंढ्यांत तीं तीन-चार भागच असतात. त्यामुळें जंतु मंदावतात, पेंढा कोठ्यांत पडून राहतो, पोट फुगलेलें दिसतें आणि अंगीं कांहींच लागत नाहीं. चुलींत लांकडें खच्चून भरलीं, पण विस्तव घातलाच नाहीं, तशी ही स्थिति होय. शिवाय पेंढ्यांतील ऑक्झॅलेट हें द्रव्य चाऱ्यांतला थोडाबहुत चुनाही बांधून टाकतें.

पहिला उपाय गवत कापण्याच्या वेळेचा. भर पावसांतील कोंवळ्या गवताच्या शंभर किलोंत सुमारे ऐंशी किलो पाणीच असतें. म्हणून त्याच्या जोडीला थोडा सुका चारा द्यावा. गवत फुलोऱ्यावर येतें तेव्हां त्यांत वाढ आणि सत्त्व या दोहोंचा मेळ बसतो. परंतु त्या सुमारास घरचीं माणसें भातकापणींत गुंतलेलीं असतात. सड्यावरचें गवत पुढें बीं झडून काडी पिवळी पडल्यावर कापलें जातें, आणि तोंवर तें जवळजवळ पेंढ्यासारखेंच निकस होतें. आश्विनांत दोन-तीन दिवस उघाड मिळतांच निदान घरच्या दुभत्या गाईपुरतें गवत कापून, उलटेंपालटें करून वाळवावें. नीट वाळलेल्या गवतांत हिरवट छटा आणि सुवास राहतो.

वाळविण्याइतकेंच राखणें महत्त्वाचें. उडवीचा पाया दगडांवर किंवा लांकडांवर उंच घ्यावा आणि माथा उतरता शाकारावा. ओलावा शिरला कीं बुरशी येते. पंजाबांत डेग नाल्याच्या परिसरांत म्हशींच्या शेपट्या, कान व पायांचीं टोकें सडविणारा एक रोग दिसून आला. त्याचा संबंध बुरसलेल्या भाताच्या पेंढ्याशीं जोडला जातो. काळवंडलेला, कुबट वासाचा पेंढा खतांत घालावा, गव्हाणींत नव्हे.

दुसरा उपाय पेंढ्यालाच सकस करण्याचा. शंभर किलो पेंढ्यास चार किलो युरिया पन्नास लिटर पाण्यांत पूर्ण विरघळवून थरांथरांवर सारखा शिंपावा, पेंढा तुडवून दाबावा आणि प्लास्टिकच्या कापडाखालीं हवाबंद करून तीन आठवडे ठेवावा. आंत निर्माण होणाऱ्या अमोनियानें काडी मऊ पडते आणि प्रथिनांचें प्रमाण जवळजवळ दुप्पट होतें. लागेल तेवढाच पेंढा काढून, कांहीं तास वाऱ्यावर पसरून, उग्र वास गेल्यावर घालावा. सहा महिन्यांखालील वासरांना तो देऊं नये. नुसता युरिया पाण्यांत कालवून पाजणें मात्र विषप्रयोगच आहे. त्यानें जनावर तासाभरांतही दगावतें.

तिसरा उपाय हिरव्या घांसाचा. भात निघाल्यावर शेतांत जी ओल उरते तींत चवळी व कुळीथ येतात. दाणे माणसांना आणि पाला व भूस गुरांना, असा दुहेरी लाभ होतो. माडांच्या बागेंत गिनी गवत सावलींतही वाढतें. न्हाणीच्या सांडपाण्यावर नेपियर गवताचे कांहीं ठोंब लावले तर उन्हाळ्यांतही कापणी मिळते. पांगाऱ्याचा व फणसाचा पाला उपयोगी आहे. फणसाचीं चारखंडें गुरें आवडीनें खातात. पण तीं गोड असल्यानें एकदम पाटीभर घातल्यास पोट आंबतें. थोड्यापासून सुरुवात करून तीं वाढवावीं.

आंबोणासाठींही दूर जाण्याचें कारण नाहीं. शंभर किलो मिश्रणांत भाताच्या कण्या किंवा भरडलेला मका ३५ किलो, कोंडा ३०, शेंगदाण्याची पेंड २०, खोबऱ्याची पेंड १२, खनिज मिश्रण २ आणि मीठ १ किलो, असें प्रमाण ठेवावें. कोंडा व खोबऱ्याची पेंड यांतील तेल लौकर खवट होतें, म्हणून तीं ताजीं व थोडथोडीं आणावीं. बुरसलेली पेंड घालणें तर दुहेरी घातक. बुरशीचें विष दुधांत उतरून घरच्या मुलांच्या पोटांत जातें. करंजाची व उंडीची पेंड झाडांना घालावी, गुरांना नव्हे.

अडीचशे किलो वजनाच्या, तीन लिटर दूध देणाऱ्या गाईला दिवसास सहा किलोंच्या आसपास कोरडें अन्न लागतें. पेंढा ३ किलो, हिरवा चारा १० किलो आणि आंबोण दीड किलो दिल्यास हा हिशेब जुळतो. गाभण गाईला शेवटचे दोन महिने एक किलो आंबोण अधिक द्यावें, कारण पोटांतील वासरूं त्याच काळांत झपाट्यानें वाढतें. पाणी ३० ते ४० लिटर, उन्हाळ्यांत त्याहूनही अधिक, आणि तें गोडें असावें. खाडीकांठच्या विहिरी वैशाखांत मचूळ होतात, हें लक्षांत ठेवावें. चाऱ्यांतील कोणताही बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा.

खनिजांची उणीव सर्वांत उशिरां ध्यानांत येते. गाय हाडें, चिंध्या, दोरखंड चघळूं लागली कीं लोक तिला खोडकर म्हणतात. दक्षिण आफ्रिकेंत १९२० च्या सुमारास सर अर्नोल्ड थाइलर यांनीं दाखवून दिलें, कीं स्फुरदहीन कुरणांतलीं गुरें मेलेल्या जनावरांचीं हाडें चघळतात आणि सडक्या हाडांतील विषानें लुळीं पडून मरतात. स्फुरदाची भर घालतांच तें चघळणें थांबलें. गुरांचा तो चाळा म्हणजे एक मागणीच होती. ती रोज ३० ते ५० ग्रॅम खनिज मिश्रणानें भागते. वरील आंबोणांतूनच त्यांतील तीस ग्रॅम मिळतात. हाडांचा चुरा मात्र गुरांना घालूं नये.

या उपायांपैकीं एकालाही मोठें भांडवल लागत नाहीं; वेळेवर कापलेलें गवत, कोरडी उडवी, चवळीचा एक वाफा आणि मूठभर खनिजें एवढ्यानेंच आरंभ होतो. गाय विकून दुसरी आणण्याचा विचार मनांत येईल तेव्हां शेतकऱ्यानें प्रथम गव्हाणींत वांकून पाहावें. तेथें नुसता पेंढाच असेल, तर नव्या गाईच्याही बरगड्या पुढच्या वैशाखांत मोजतां येतील.